चक्रीवादळ आणि किनाऱ्यावरील ऐतिहासिक वास्तू

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांना त्याचा जबर तडाखा बसला. पुढे मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. अशा आपत्तीनंतर घरे व बागा यांचे पंचनामे प्रथम व्हावेत हे योग्यच होय. तथापि, जुनी देवळे, किल्ले व वीरगळ यांची हानी नोंदीवाचून राहता कामा नये.

कोकणातील जुन्या वास्तू मुख्यत्वे जांभा, चुना, लाकूड व कौले यांच्या आहेत. वारा प्रथम कौले उचलतो; खरी हानी मात्र पाठोपाठ येणाऱ्या पावसाने होते. उघडे पडलेले वासे व कोरीव खांब भिजून कुजतात, मातीच्या भिंती ढासळतात. तटाच्या सांध्यांत रुजलेले वड-पिंपळ उन्मळताना दगडही सोबत ओढून नेतात. समुद्रालगतच्या तटांचा पाया लाटा पोखरतात. हर्णैचा सुवर्णदुर्ग हे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. अशा जलदुर्गांना हा धोका कायमचाच आहे.

घाईने केलेली दुरुस्तीही तितकीच घातक ठरते. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात शिरलेली ओल बाहेर पडणे आवश्यक असते. सिमेंटचा गिलावा ती कोंडून ठेवतो. मग क्षारांमुळे दगडच झिजू लागतो. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करणे इष्ट. संरक्षित स्मारकास तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून हात लावता येत नाही.

ग्रामपंचायतींनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. गावातील प्रत्येक जुन्या वास्तूची मापे व छायाचित्रे यांसह नोंदवही ठेवावी.

२. उन्हाळ्यातच कौले शाकारून घ्यावीत. तटावरील रोपे लहान असतानाच, जाणकारांच्या सल्ल्याने काढावीत.

३. वादळानंतर छप्पर ताडपत्रीने झाकावे. पडलेले दगड व लाकूड हलवू अथवा विकू नये.

नोंदवहीच्या कामी शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे साहाय्य घ्यावे. वादळ टाळणे कोणाच्या हाती नाही. परंतु वास्तू पूर्वी कशी होती याची नोंद असेल, तरच ती पुन्हा तशी उभी करता येईल.