पोपटीचा पाहुणा

जानेवारी अर्धा सरला, की आमच्या पनवेलकडे एकच विचारणा सुरू होते, ‘यंदा पोपटी कधी लावायची?’ घाटावरच्या मंडळींना हा शब्द ऐकून पोपट आठवतो. पोपटी म्हणजे वालाच्या कोवळ्या, भरल्या शेंगा मडक्यात घालून शेतातच भाजायच्या. भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात आणि मग संध्याकाळी बांधाबांधावर धूर दिसू लागतो.

यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या जानेवारीत माझ्या बालमित्राचा नांदेडहून फोन आला. “निवृत्त झालो. आता निमित्त नको. पोपटी खायला येतो.”

आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसलो. मी गावातला, तो खाडीकाठचा. सायकल मारत शाळेत यायचा. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, माझ्या डब्यात पोळी-भाजी. मधल्या सुट्टीत डबे बदलायचे, हा अलिखित करार होता. पुढे तो बँकेत लागला, बदलीवर नांदेडला गेला आणि तिथलाच झाला. शेवटचा आला होता २०१५ साली, आईच्या कार्याला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याचं गावच उठलं. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं हलवली, त्यांतलं ते एक.

पाहुणा येणार म्हणून मी दोन दिवसांचा तक्ताच कागदावर लिहून काढला. तो पाहून बायको म्हणाली, “भावोजी जेवायला येताहेत की तपासणीला?” त्या तक्त्यात मासळीबाजार होता, वडाळे तलाव होता, शिरढोण, कर्नाळा, पोपटी, सगळं होतं. विमानतळाच्या बाजूचा एकही रस्ता त्यात नव्हता. तो मी मुद्दामच टाळला होता. इतक्या वर्षांनी माणूस चार घास आनंदानं खायला येतोय, त्याच्या जखमेवरची खपली कशाला काढायची, असा माझा विचार.

शनिवारी सकाळी त्याला स्टेशनवर उतरवून घेतलं आणि आंघोळ-चहा होताच उरण नाक्यावरच्या मासळीबाजारात नेलं. टोपल्यांतून कोळंबी, निवट्या, दोऱ्यानं आवळलेल्या चिंबोऱ्या. साठी ओलांडलेला, चष्मा लावलेला हा बँकेचा साहेब पाटीपुढे उकिडवा बसला आणि क्षणात त्याची भाषा बदलली. तीच आगरी बोली, तीच घासाघीस. मावशीनं मान वर करून विचारलं, “कुठल्या गावचा रं तू?” त्यानं गावाचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला. “गाव कुठं रायलाय आता!” एवढंच म्हणाली आणि दोन चिंबोऱ्या जास्तीच्या टाकल्या. मी घाईघाईनं जिताड्याचा भाव विचारला आणि विषय बदलला.

जिताडा हे आमच्या रायगडचं मानाचं पान. पेण-अलिबागकडे घरच्या तळ्यात जिताडे सोडायची जुनी रीत आहे. पाहुणा आला, की तळ्यात जाळं पडतं. आमच्याकडे तळं नाही, पण जिताडा होता. दुपारी त्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि बायकोच्या हातचं वालाचं बिरडं. मोड आलेल्या वालाचं एकेक साल काढायला तिला आदल्या रात्री तास लागला होता. मित्र जेवता जेवता गप्प झाला. मग म्हणाला, “वहिनी, नांदेडला वाल मिळतात. पण ही चव मिळत नाही. पाणी वेगळं असेल.” संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी मारली, शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. दिवस छान गेला.

रविवारी उजाडताच निघालो. गोवा महामार्गावर पहिला थांबा शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला थेट एडनच्या तुरुंगात मृत्यू. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. शाळेची सहल दरवर्षी इथेच यायची. मित्र म्हणाला, “तेव्हा पाठ केलं होतं. गावापासून लांब मरणं म्हणजे काय, हे तेव्हा कुठं कळत होतं?” मी ‘चल, ऊन वाढेल’ म्हणून गाडी सुरू केली.

कर्नाळा आता पक्ष्यांसाठी जास्त प्रसिद्ध आहे. १९६८ साली तिथे अभयारण्य झालं. झाडीतली वाट, मधूनच तांबटाची टक-टक, आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. गुडघ्यांची समजूत घालत, जागोजागी बसत आम्ही एकदाचे वर पोचलो. माथ्यावरून सगळा मुलूख दिसतो. मी त्याचा खांदा धरून प्रबळगड दाखवला, त्यामागचं माथेरान दाखवलं, दुसरीकडे माणिकगड दाखवला. खाडीची बाजू तेवढी पाठीशी ठेवली. तोही काही बोलला नाही. दाखवलं तिकडे बघत राहिला.

संध्याकाळी नेऱ्याच्या बाजूला माझ्या एका सहकाऱ्याच्या शेतात पोपटी ठरली होती. तिथे मात्र यजमानपण माझ्या हातून गेलं. मित्रानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि सूत्रं हाती घेतली. बांधावर जाऊन भांबुर्डीचा पाला त्यानंच उपटून आणला. एरवी या तणाला कोणी विचारत नाही, पण त्याच्या उग्र वासावाचून पोपटी नाही. मडक्याच्या तळाशी पाला, वर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मधे बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. शेंगा आपल्याच ओलाव्याच्या वाफेवर शिजतात. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्रकन आवाज होऊन पाणी उडून गेलं, की पोपटी झाली.

जाळाभोवती आम्ही बसलो होतो. सातचा सुमार. तेवढ्यात पश्चिमेकडून दिवे मिचकावत एक विमान वर चढलं. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, डिसेंबरच्या २५ तारखेपासून विमानं उडू लागली. आम्हाला आता तो आवाज सवयीचा होऊ लागलाय. मी पटकन म्हटलं, “शेंगा झाल्या असतील बघ.”

तो विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “दोन दिवस तू मला सगळं दाखवलंस. फक्त माझं गाव नाही दाखवलंस.”

मला काही सुचेना. “तुला त्रास होईल म्हणून...” एवढंच बोललो.

“मला होईल की तुला?”

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. माझा फ्लॅट नवीन पनवेलात आहे. ‘सिडको’ची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. माझ्या दिवाणखान्याखालीही कुणाचं तरी भाताचं खाचर आहे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीतल्या साडेबारा टक्के वाट्याची योजना आली. माझा मित्र तेव्हा कॉलेजात होता, मोर्चात होता. मी घरी अभ्यास करत होतो. ही गोष्ट आम्ही चाळीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

त्या रात्री बोललो. तो रडगाणं गाणारा नव्हे. त्याच्या भावानं मिळालेल्या भूखंडावर घर बांधलं, पुतणी इंजिनिअर झाली. “जमीन राहिली असती तर तिला शिकवता आलं असतं का, सांगता येत नाही,” तो म्हणाला. “मिळालं ते मिळालं म्हणतो, गेलं ते गेलं म्हणतो. पण गेलेलं निदान बघू तरी द्या.” मडकं फोडलं नाही, अलगद उलटं केलं. भांबुर्डीचा तो वास, वाफाळत्या शेंगा. आम्ही सोलत होतो, खात होतो, बोलत होतो. शेतमालक म्हणाला, हा पट्टाही २०१३ पासून ‘नैना’च्या नकाशात आहे. वाल किती वर्षं पेरायचा, कुणास ठाऊक. गच्चीवर मडकं लावता येईल, पण ताज्या शेंगांना शेत लागतं आणि भांबुर्डीला बांध.

त्याची गाडी सोमवारी दुपारची होती. सकाळी मी न विचारता त्या रस्त्याला गाडी घातली. उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट झालेली, नदीचा प्रवाह वळवलेला. जुनी एकही खूण नाही. कुंपणाशी उभं राहून तो बराच वेळ अंदाज घेत होता. मग बोट दाखवून म्हणाला, “ते दिवे आहेत ना, त्याच्या जरा अलीकडे आमची विहीर असावी.” मी त्या बोटाच्या रेषेत पाहिलं. मलाही ती विहीर आठवली. दहावीच्या सुट्टीत मी तिथेच पोहायला शिकलो होतो, त्यानंच शिकवलं होतं. ते मी साफ विसरलो होतो.

“चल,” तोच म्हणाला, “वहिनी जेवायला थांबल्या असतील.”

निघताना बायकोनं त्याच्या पिशवीत कडव्या वालाची पुरचुंडी बांधून दिली. माझा तक्ता टीपॉयवर पडला होता. त्यानं पेन काढलं, कागदावर सगळ्यात वर आपल्या गावाचं नाव लिहिलं आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी सुरुवात इथून.”

पाहुण्याला चांगलंचुंगलं खाऊ घालावं, चार ठिकाणं हिंडवावं, हे आपण सगळेच करतो. पण जुना मित्र हा निव्वळ पाहुणा नसतो. ज्या रस्त्यानं त्याला न्यायचं आपण टाळतो, तिथेच कदाचित त्याला जायचं असतं. निदान विचारावं तरी. मी विचारलं नव्हतं. तो कागद आता आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.