पाच नंबरचा माणूस

खोट्या साक्षीदाराचा समाचार उलटतपासात घेता येतो. पेच पडतो तो मनापासून खरं बोलणाऱ्या आणि तरीही चुकणाऱ्या साक्षीदाराचा.

जुलै १९८४. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये जेनिफर थॉम्पसन या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीवर राहत्या घरात बलात्कार झाला. त्या अवस्थेतही ती हल्लेखोराचा चेहरा न्याहाळत होती. जगले वाचले तर याला ओळखता आलं पाहिजे, एवढंच डोक्यात. पोलिसांनी सहा फोटो पुढ्यात ठेवले. पाचेक मिनिटं घोळवून तिनं रोनाल्ड कॉटनच्या फोटोवर बोट ठेवलं. मग माणसं रांगेत उभी केली. चार नंबर की पाच, तिचं ठरेना. शेवटी पाच म्हणाली. फोटोतही तू यालाच निवडलं होतंस, असं पोलिसांकडून कळलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. फोटोंतही आणि रांगेतही होता तो एकटा कॉटनच. मग रांगेत तिनं ओळखला तो त्या रात्रीचा चेहरा, की फोटोतला?

कोर्टात येईपर्यंत 'बहुतेक'चं 'नक्की' झालं होतं. कॉटनला जन्मठेप झाली. १९८७ च्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणला, तर याला मी कधी पाहिलेलंच नाही, म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत गुन्हेगार पूलच निघाला. कॉटनची साडेदहा वर्षं गेली ती गेलीच.

आपल्याकडे अशा रांगेला ओळख परेड म्हणतात, आणि ती बहुधा तुरुंगात होते. आरोपीच्या वयाचे, अंगकाठीचे डमी सोबत उभे करतात, पोलिसांना बाहेर थांबवतात. तरी कायद्याच्या लेखी परेड हा नुसता पूरक पुरावा. मूळ पुरावा म्हणजे कोर्टातली ओळख. मला हे उफराटं वाटतं. कोर्टात पिंजऱ्यात एकटाच माणूस उभा असतो, तिथं चुकीचं बोट दाखवायला दुसरा आहेच कोण? चाचपडत दिलेलं पहिलं उत्तर जास्त मोलाचं. 'बहुतेक' हा शब्दही टिपून ठेवावा.

आरोपीला नेताना तोंडावर काळा बुरखा घालतात, तो त्याची अब्रू झाकायला असं पुष्कळांना वाटतं. पण परेड व्हायची असते, साक्षीदाराच्या नजरेला तो आधीच पडू नये, हे त्यामागचं मोठं कारण. त्याच संध्याकाळी त्याचा फोटो गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला असेल, तर त्या बुरख्याआड उरलं काय?