सारंगागारात सारस नसतो

गोंदिया जिल्ह्याची ओळख सारस पक्ष्याशी इतकी जोडली गेली आहे, की ‘सारंगागार’ हा शब्द कानावर पडला की कुणीही सहज म्हणेल, ‘म्हणजे सारसांचं घर ना?’ नाद जुळतो, शेवटी ‘आगार’ही आहे. पण अर्थ वेगळाच. बगळे, करकोचे, शराटी, पाणकावळे असे पाणथळीचे पक्षी एखाद्या झाडावर किंवा राईत मिळून घरटी बांधतात, त्या विणीच्या वसाहतीला सारंगागार म्हणतात. इंग्रजीतल्या ‘हेरॉनरी’साठी हा शब्द मारुती चितमपल्ली यांनी दिला. वनाधिकारी म्हणून त्यांचा मोठा काळ याच भागात, नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या जंगलात गेला.

सारस सारंगागारात का नसतो, हे त्याच्या पायाकडे पाहिलं की कळतं. बगळ्याचं मागचं बोट लांब असतं, त्यामुळे त्याला फांदी घट्ट धरता येते. सारसाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं. झाडावर बसणं त्याला जमतच नाही. तो घरटं करतो ते जमिनीवर, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ पाण्यात. गवत-काड्यांचा ढीग, त्यात बहुधा दोन अंडी, आणि सुमारे महिनाभर नर-मादीने पाळीपाळीने उबवणं. या दिवसांत जोडी आपल्या हद्दीत दुसऱ्या सारसाला फिरकू देत नाही. तेव्हा शेजारी शेजारी घरटी हा प्रश्नच येत नाही. आकाशातही फरक दिसतो: बगळा मान दुमडून उडतो, सारस सरळ ताणून. करकोचाही मान ताणूनच उडतो, त्यामुळे तिथे मात्र फसगत होते.

मग ‘सारंग’ आला कुठून? संस्कृतात हा शब्द फार उदार आहे. हरीण, मोर, चातक, हत्ती, भुंगा, सगळे त्यात मावतात. कोकण किनाऱ्यावर तर सरंगा म्हणजे पापलेट! त्यामुळे नुसत्या फोडीवरून अर्थ लावायला गेलं तर काहीही निघेल. शब्द संस्कृत वळणाचा असला तरी या अर्थाने तो आधुनिक आहे, पोथीतला नव्हे. चितमपल्लींनी मराठीला लाखभर शब्द दिले असं म्हणतात, त्यातून ते सगळे त्यांनीच घडवले असा समज झाला आहे. प्रत्यक्षात आदिवासी आणि जंगलात वावरणाऱ्या माणसांच्या तोंडचे कितीतरी शब्द त्यांनी टिपून ठेवले. घडवलेले शब्द त्या मानाने वेगळे, सारंगागार त्यातला.

त्याच्या जोडीचा ‘काकागार’ हा ‘रूकरी’साठीचा शब्द मला आपल्याकडे थोडा अवघड वाटतो. रूक हा कावळ्याच्या जातीचा पक्षी वसाहतीत वीण घालतो, पण तो महाराष्ट्रातला नाही. आपला गावकावळा बहुधा वेगळं घरटं करतो. संध्याकाळी शेकडो कावळे एका झाडावर जमतात तो रातथारा: झोपण्यापुरता मुक्काम. हाच गोंधळ बगळ्यांबाबतही होतो. जानेवारीत दिवेलागणीला पांढरं झालेलं झाड सारंगागार नव्हे. त्यासाठी घरटी हवीत, अंडी-पिल्लं हवीत. आपल्याकडे ते पावसाळ्यात भरतं, रोवणीच्या सुमारास. तेव्हा गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते; एरवी पांढरा दिसणारा तोच हा पक्षी.

सारंगागार म्हणजे अभयारण्य असंही नाही. अनेकदा ते भर वस्तीतल्या चिंचेवर किंवा पिंपळावर असतं, कारण माणसांच्या वर्दळीत शिकारी प्राणी कमी येतात. वास येतो, अंगणात विष्ठा पडते, झाडाची पानं करपतात, हे खरंच आहे. पण ‘सगळे मासे हेच खातात’ हा आरोप सरसकट लावता येत नाही. गायबगळा मुख्यतः नाकतोडे आणि किडे टिपतो. उघड्या चोचीचा करकोचा बांधीतल्या गोगलगायींवर जगतो; चोचीतली ती फट गोगलगाय हाताळायच्याच कामाची. तमिळनाडूत वेदंथंगलचे शेतकरी तळ्याचं विष्ठामिश्रित पाणी खत म्हणून शेताला देतात. तिथल्या गावकऱ्यांनी पक्ष्यांच्या रक्षणासाठी इंग्रज कलेक्टरकडून लेखी हुकूम मिळवला होता, तोही अठराव्या शतकाच्या अखेरीस.

राहिला एक समज: ‘झाड आमचं, घरटी पाडली तर बिघडलं काय?’ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना उपद्रव देणंही येतं. फांद्या छाटायच्याच असतील तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं. दिवाळीनंतर झाड बहुधा रिकामं झालेलं असतं.