सारथ्याविना रथ आणि रुग्णाचे स्वातंत्र्य

व्यापाऱ्याचा धंदा निम्मा पेढीवर व निम्मा रस्त्यावर चालतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, संकेश्वरची मिरची, बेळगावची बाजारपेठ आणि कोल्हापूरचा गूळ ही सारी एकाच हमरस्त्याने जोडलेली आहेत. ज्याला मोटार हाकता येते, तो सकाळी निघून चार गावची वसुली उरकतो आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परततो. रात्रिभोजन वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांत या वेळेवर परतण्याला केवढे महत्त्व आहे, हे सांगावयास नको. परंतु ज्याच्या प्रकृतीने त्याच्या हातचे सुकाणू काढून घेतले, त्याला प्रत्येक फेरीसाठी मुलाची, पुतण्याची वा नोकराची मनधरणी करावी लागते. आम्ही प्रस्तुत लेखात अशा बंधू-भगिनींचा विचार करीत आहोत.

मोटार वाहन कायदा 1988 अन्वये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास आपल्या प्रकृतीविषयी लेखी निवेदन द्यावे लागते. अपस्माराचा विकार आहे काय, एकाएकी शुद्ध हरपते वा घेरी येते काय, 25 मीटर अंतरावरून मोटारीचा नंबर वाचता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. हा कायदा निर्दय आहे असे नव्हे. पाय अधू असल्यास योग्य फेरफार केलेल्या गाडीचा परवाना मिळू शकतो. सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांनाही 2020 साली सवलत मिळाली. पण शुद्ध केव्हा हरपेल याचा ज्याला नेम नाही, त्याच्या गाडीत कोणता फेरफार करावा? तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे चालकाची गरजच नसलेली मोटार.

अशी मोटार ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. 2015 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील ऑस्टिन शहरी स्टीव्ह महान हे दृष्टी बहुतांशी गमावलेले गृहस्थ गूगल कंपनीच्या मोटारीत एकटे बसून सार्वजनिक रस्त्यावरून फिरले. त्या मोटारीस सुकाणू नव्हते आणि पायाने दाबावयाचे ब्रेकही नव्हते. 2020 पासून फिनिक्स येथे वेमो कंपनीची चालकाविना चालणारी भाड्याची मोटार सर्वसामान्यांस मिळू लागली. ही मोटार कॅमेऱ्याने पाहते, रेडिओलहरी व लेसर किरण सोडून ते परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजते, आणि आधीच तयार केलेल्या बारीक नकाशाशी ते सारे ताडून पाहते. जेथला नकाशा तयार नाही, तेथे ती जात नाही.

मात्र हे यंत्र निर्दोष नाही. 2023 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को येथे दुसऱ्या मोटारीच्या धडकेने पुढ्यात येऊन पडलेल्या एका पादचारी स्त्रीस क्रूझ कंपनीच्या चालकविरहित मोटारीने फरफटत नेले. त्या कंपनीचा परवाना स्थगित झाला, आणि 2024 च्या अखेरीस तिच्या मालकांनी भाड्याच्या चालकविरहित मोटारींचा तो उद्योगच आवरता घेतला.

मग आपल्या भागाचे काय? गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेली बैलगाडी, उलट्या बाजूने येणारी दुचाकी आणि स्तवनिधीच्या घाटातील पावसाळी धुके या साऱ्यांचा हिशेब यंत्रास शिकविणे सोपे नाही. शिवाय केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी 2017 साली आणि पुन्हा 2023 साली स्पष्ट सांगितले, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारींना भारतात येऊ देणार नाही. ज्या घरची चूल चालकाच्या पगारावर पेटते, त्याची ही चिंता आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

तेव्हा ही मोटार आपल्या दारी येईपर्यंत तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली, दुकानात आज विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारी स्वतः ब्रेक लावतात व पट्टा धरून चालतात, म्हणून त्यांना सारथी समजू नये. यंत्रांच्या 0 ते 5 या पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीपर्यंतच्या मोटारीत चालकाने क्षणोक्षणी सावध असणे गृहीतच धरलेले असते. ज्याची शुद्ध हरपू शकते, त्याला ती तारणार नाही.

दुसरी, आजार लपवू नये. सोयरीक मोडेल या भीतीने फेफरे झाकून ठेवणारी आणि त्याच मुलाच्या हाती मोटारीची किल्ली देणारी घरे समाजात आहेत. लपविलेला रोग घाटात उघडा पडतो, आणि तेव्हा परक्याचाही जीव जातो. योग्य निदान व औषधोपचार झाल्यास अपस्माराच्या 100 पैकी सुमारे 70 रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लपविणाऱ्यास हा लाभ कसा मिळावा?

तिसरी, रुग्णास खरे दुःख मोटार नसण्याचे नसते, प्रत्येक वेळी मागावे लागण्याचे असते. आठवड्यातील ठराविक दिवस चालकासह गाडी त्याच्या स्वाधीन करावी, कोठे व कशासाठी हे विचारू नये. चार घरांनी मिळून एक चालक पगारावर ठेवल्यास खर्चही विभागेल आणि एका कुटुंबाची भाकरीही चालेल. आपल्या संघाने या योजनेचा अवश्य विचार करावा.

यंत्र येईल तेव्हा येवो. दुसऱ्याचे स्वातंत्र्य राखण्यास आपल्याला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.