नाटकांतले भोळे राजे – लेखांक ७ : विद्याधरमल्लाचे मौन

वत्सराज उदयनाची बाजू गेल्या आठवड्यात मांडून झाल्यावर राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’तील भैरवानंद या कौल मांत्रिकाकडे वळायचे ठरले होते, परंतु त्याच राजशेखराच्या ‘विद्धशालभंजिका’ या नाटिकेतील राजा विद्याधरमल्ल आधी तपासल्याशिवाय भैरवानंदाचे काम नीट उलगडत नाही, म्हणून ते प्रकरण पुढे ढकलावे लागत आहे. नाटिका म्हणजे चार अंकांचे, अंतःपुरातील प्रेमावर उभे असलेले नाटक. तिचा नायक शास्त्राप्रमाणे ‘धीरललित’, म्हणजे राज्याचा भार मंत्र्यावर सोपवून कलांत रमणारा मृदू स्वभावाचा राजा असतो, आणि असा राजा जे मिळवतो ते मंत्र्याच्या बुद्धीमुळे मिळवतो, म्हणून त्याला ‘सचिवायत्तसिद्धी’ असेही म्हणतात.

या व्याख्येत विद्याधरमल्ल इतका चपखल बसतो की अभ्यासक त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नाहीत. लाटदेशाच्या चंद्रवर्म्याला मुलगा नाही, म्हणून मृगांकावली या आपल्या मुलीला तो मृगांकवर्मा नावाचा मुलगा म्हणून वाढवतो आणि त्याच वेषात विद्याधरमल्लाच्या दरबारी पाठवतो. तिचा पती चक्रवर्ती होणार हे मंत्री भागुरायणाला ठाऊक असते. राजाला ती रात्री दिसते तेव्हा ते स्वप्न होते असे तो समजतो, पुढे तिची कोरलेली मूर्ती पाहून झुरू लागतो, आणि विदूषकाखेरीज कोणाशी सल्लामसलत करीत नाही. शेवटी राणी त्याची फजिती करण्यासाठी मुलीचा वेष दिलेल्या ‘मृगांकवर्म्या’शी त्याचे खोटे लग्न लावते आणि ते खरे ठरते. त्यापाठोपाठ कुंतलदेशाची राजकन्या कुवलयमालाही त्याला मिळते आणि सेनापतीकडून विजयाची वार्ता येते.

येथे एक साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजाच्या अंतःपुराची रचना आणि राखण यांसाठी ‘निशान्तप्रणिधी’ नावाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, कारण राजाला सर्वांत मोठा धोका शयनगृहातच असतो. असे असता ज्याच्या निजण्याच्या जागी रात्री अनोळखी मुलगी वावरते, तो राजा पहारेकऱ्यांची साधी चौकशीही करीत नाही, याला केवळ प्रेमवेडेपणा म्हणणे पुरेसे वाटत नाही. खोट्या लग्नाचेही तसेच आहे. तिसऱ्या अंकात मृगांकावलीची प्रत्यक्ष भेट झालेला हा राजा चौथ्या अंकात राणीच्या खेळात निमूटपणे उभा राहतो, आणि त्यामुळे जिच्या संमतीवाचून नवी राणी घरात येणे अवघड होते तीच स्वतःच्या हाताने ती आणून देते. राजाने उघडपणे मागणी घातली असती, तर राणीचा रोष आणि तिच्या माहेरच्या नात्यांतील बिघाड दोन्ही पत्करावे लागले असते. तो भोळा दिसला म्हणून काहीही पत्करावे लागले नाही.

राजाला सारे माहीत होते असे त्याच्या तोंडचे स्वगत नाटिकेत नाही, ही त्याचा भोळेपणा सोंग होता या मताची उणी बाजू होय, आणि कारस्थान भागुरायणाच्याच नावावर आहे. तरीही राजाने दुबळेपणाचे सोंग आणणे संस्कृत रंगभूमीला अपरिचित नव्हते: ‘मुद्राराक्षसा’च्या तिसऱ्या अंकात चंद्रगुप्त चाणक्याशी ‘कृतककलह’, म्हणजे ठरवून केलेले खोटे भांडण, करतो आणि अमात्य राक्षसाचा पक्ष त्याला फसतो. विशाखदत्ताने सोंग उघड करून दाखवले, राजशेखराने ते झाकून ठेवले, असे मानण्यास येथे जागा आहे.

ही जागा अधिक रुंद होते ती इतिहासामुळे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी विद्याधरमल्लामागे त्रिपुरीचा कलचुरी राजा पहिला युवराजदेव ओळखला आणि पयोष्णी, म्हणजे वऱ्हाडातील पूर्णा, या नदीकाठच्या विजयाशी नाटिकेचा संबंध जोडला. युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी राष्ट्रकूट तिसऱ्या अमोघवर्षाला दिलेली होती, आणि इ. स. ९३६च्या सुमारास चौथ्या गोविंदाला बाजूला सारून हा जावई गादीवर आला. वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या ९४०च्या ताम्रपटात गोविंदाचा नाश स्त्रियांच्या मोहात गुंतल्याने झाला असे सांगितले आहे. म्हणजे एक राजा विलासात बुडून खरोखरच राज्य गमावून बसला होता, आणि त्याच सुमारास त्रिपुरीच्या रंगमंचावर अगदी तसाच दिसणारा दुसरा राजा सार्वभौम होत होता. प्रेक्षकांत बसलेल्या सामंतांना हा फरक जाणवला नसेल असे मानणे कठीण आहे, कारण त्यांच्यापैकी काहींनी पयोष्णीकाठच्या त्या लढाईत भाग घेतला असणार.

बालाघाटहून आलेल्या एका पत्रात या कथेचा त्या जिल्ह्याशी काही संबंध लागतो का, असे विचारले आहे. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे तेवर, तेव्हा राजधानी फार दूर नव्हती. परंतु लेखी पुरावा पुढचा आणि कलचुरींच्या दुसऱ्या शाखेचा आहे. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या १११४च्या शिलालेखात त्याला कर देणाऱ्या प्रदेशांत वैरागर आणि भाणार यांच्याबरोबर लांजिका येते, आणि ही लांजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यातील आजची लांजी होय. राजशेखराच्या काळी लांजीत कोणाची सत्ता होती, हे या शिलालेखावरून ठरत नाही.

पुढील लेखांकात भैरवानंद निश्चित. आणि त्याच्यासोबत वच्छोम, म्हणजे वत्सगुल्म, आजचे वाशीम, जेथून त्याने कर्पूरमंजरीला न्हात असताना मंत्रबळाने उचलून आणले.