माळेबाहेरचे मणी

नवी कवळी बसवल्यापासून तोंड जळजळतं, प्लॅस्टिकची अ‍ॅलर्जी असेल का, असं एका वाचकानं विचारलं आहे. डॉक्टर म्हणे ‘सवय होईल’ म्हणाले.

प्लॅस्टिकला दोष द्यायला मी जरा कचरतो. १९४० साली हरिकेन विमानाचा वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या डोळ्यांत कॉकपिटच्या छताचे तुकडे घुसले. (गोष्ट सांगणारे हटकून स्पिटफायर म्हणतात, ते जास्त देखणं ना!) कवळीचा गुलाबी भाग ज्या अ‍ॅक्रिलिकचा करतात, त्याचंच ते छत. तुकडे आत राहूनही डोळ्यांना दाह होत नाही, हे लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९मध्ये त्याच पदार्थाचं भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यावसायिकांनी नाकं मुरडली. ‘सर’ किताब मिळायला २००० साल उजाडलं!

मग डोळ्याला चाललेलं तोंडाला का झोंबावं? लॅबमध्ये कवळी होते ती पावडर आणि लिक्विड कालवून. लिक्विड म्हणजे मोनोमर, सुटे मणी. उष्णतेनं ते ओवले जाऊन माळ होते. काही मात्र सुटेच राहतात, आणि खोडी बहुधा त्यांची. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हीट-क्युअर (उष्णतेनं घट्ट केलेल्या) कवळीत २.२ टक्के, सेल्फ-क्युअरमध्ये (उष्णतेविना घट्ट होणाऱ्या) ४.५ टक्क्यांपर्यंत ते चालतात. घाईत शिजवलेल्या कवळीत जास्त उरतात. कवळी देण्याआधी पाण्यात भिजत ठेवली तर बरेच निघून जातात.

तरीही खरी अ‍ॅलर्जी विरळाच. बहुतेकदा कवळी नीट बसलेली नसते, किंवा रात्रंदिवस तोंडात ठेवल्यानं कॅन्डिडा बुरशी वाढलेली असते. म्हणून ‘सवय होईल’ हे जितकं चूक, तितकंच तपासणीआधी ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून मोकळं होणंही. ही अ‍ॅलर्जी सावकाश उमटते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट लावतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढेही एक-दोनदा पाहतात.

खरा त्रास होतो तो लॅबमध्ये कवळी घडवणाऱ्या टेक्निशियनला. बोटांची टोकं भेगाळतात, आणि नेहमीच्या हातमोज्यांचा फारसा उपयोग नाही, कारण मोनोमर साध्या रबरातून काही मिनिटांत पार होतो. डॉक्टरांच्या चर्चेत हा माणूस क्वचितच येतो.

आता नेलपार्लरमधून मोनोमरच्याच कुळातली रसायनं तरुण बोटांवर पोचली आहेत. जेल नखांमुळे अ‍ॅलर्जी जडली तर पुढे दातांच्या उपचारांतही अडचण येऊ शकते, असा इशारा ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८मध्येच दिला. आपल्याकडे दंतवैद्याच्या केसपेपरवर पेनिसिलिनचा रकाना असतो; नखांचा मी तरी पाहिलेला नाही.