पॅनलमागची नळी

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. 2016 मध्ये ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा विमानात इंजिनाचे कौतुक सगळे करतात. मला मात्र पॅनलमागच्या बारीक नळ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात.

उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. लातूर नांदेडपेक्षा सुमारे 250 मीटर उंच. तेवढ्यात दाब जवळपास 28 हेक्टोपास्कलने उतरतो. हा दाब विमानाच्या अंगावरच्या छिद्रातून नळीने उंचीमापक, वेगमापक आणि चढ-उतार दाखवणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचतो. समोरून येणारी हवा घेणारी दुसरी नळी फक्त वेगमापकाला जोडायची.

पहिल्या नळीचा एखादा सांधा सैल राहिला, तर केबिनमधली हवा आत शिरते. उडताना तिचा दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून काटा खऱ्याहून जास्त उंची दाखवतो. ढगात किंवा रात्री उतरताना ही चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून पॅनल बंद करण्यापूर्वी नळीतली हवा हळूहळू ओढून काटा 1,000 फूट चढवतात आणि नळी बंद करतात. मिनिटभरात काटा 100 फुटांहून जास्त उतरला, तर सांधे पुन्हा तपासायचे.